वाळूतली काठी

औंढ्याचा गोरख आठवडाभर कारखान्यात राबायचा आणि रविवारी रबरी होडी घेऊन इंद्रायणीकाठची वाळू किती उरली ते मोजत फिरायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. मोजण्यासाठी त्याने वाळूत खुणांची लोखंडी काठी ठोकली होती. आज पाहतो तर काठावर पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्या कॅम्पवाल्याने तिलाच तंबू बांधलेला!

"दादा, दोरी सोडा. मोजायचंय."

"नदी तुझ्या बापाची हाय व्हय रं?" कॅम्पवाला तंबूतूनच गुरगुरला.

"न्हाई. तुमच्या बापाचीबी न्हाई."

गोरखच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याने गाठ हिसकून सोडली. तंबू कॅम्पवाल्याच्या डोक्यावर कोसळला. आतून शिव्यांची लाखोली चालली असताना गोरखने काठीवरची खूण पाहिली आणि वहीत लिहिलं: वाळू चार बोटं कमी. तंबूही एक कमी.