फुसाए आजी शांत झाल्या

फुसाए कुरामोची आमच्या वृद्धाश्रमात आल्या त्या स्वतःच्या पायांनी चालत, आणि आल्या आल्या माझ्या केसांना नावं ठेवली. "कोणी कापले गं हे, मिनेको? विळ्यानं?"

हाचिनोहे शहराच्या बंदरावर चाळीस वर्षं त्यांचं केस कापायचं दुकान होतं. नवरा मासेमारीला गेला तो परतला नाही. या बाईनं वस्तरा हातात घेतला आणि एकुलत्या एका मुलाला, यासुहिरोला, शिकवून मोठं केलं.

आल्या तेव्हा त्यांना रक्तदाबाची एक गोळी होती. तिनं पाय सुजले म्हणून सूज उतरवायची गोळी आली. तिनं सारखं लघवीला लागायला लागलं म्हणून ते थांबवायची गोळी. त्या गोळीनं आजी भ्रमल्यासारखं करू लागल्या, म्हणून विसराळूपणाची गोळी. मग कावऱ्याबावऱ्या होऊन वरांड्यात फिरायला लागल्या, म्हणून शांत ठेवायची. तिसऱ्या वर्षी बारा झाल्या. त्या कुटून, पेजेत कालवून भरवायचं काम माझं. आजींची हनुवटी छातीवर टेकलेली असायची आणि गळ्यातला लाळेचा रुमाल मी दिवसातून चार वेळा बदलायचे. यासुहिरो महिन्यातून एकदा यायचा. "आई किती शांत असते, नाही?" म्हणायचा.

मग आमचे जुने डॉक्टर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेले आणि त्यांच्या जागी नुकाझावा बाई आल्या. त्यांनी आजींच्या औषधांचा कागद दोनदा वाचला. "यातली निम्मी औषधं उरलेल्या निम्म्यांनी केलेल्या दुखण्यांवर आहेत," त्या म्हणाल्या आणि हळूहळू, एकेक करून गोळ्या कमी करत गेल्या.

नवव्या आठवड्यात मी दुपारचं जेवण भरवत होते, तर आजींनी माझं मनगट धरलं. "अगं, हा मासा आहे की चिखल?"

मी हसता हसता रडले.

महिन्याभरात त्या भिंतीला धरून चालू लागल्या. एक दिवस माझ्याकडून कंगवा-कात्री मागून घेतली आणि ओरिकासा आजोबांचे केस कापले. आजोबा वर्षभर कुणाशी बोलले नव्हते. डोळे मिटून मान पुढे केली आणि म्हणाले, "मागून बारीक हं, बाई."

पण जाग आली ती सगळीच आली. पुढच्या खेपेला यासुहिरो आला तेव्हा आजींनी हात पुढे केला. "दुकानाची किल्ली दे. जाऊन झाडून येते."

"आई, बघू नंतर."

"नंतर कधी? मी मेल्यावर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं. शेवटी पुटपुटला, "दुकान विकलं, आई. वर्ष झालं. तुला सांगितलं होतं, तू मान हलवलीस."

"मान पडत होती माझी, मेल्या! त्याला तू हो समजलास?"

चार दिवस आजी जेवल्या नाहीत. वाडगा भिंतीवर फेकला, भेटेल त्याला विचारायच्या, आरशांचं काय केलं, खुर्च्या कुठं टाकल्या. यासुहिरो व्यवस्थापकांकडे जाऊन म्हणाला, "आईला त्रास होतोय. ती आधी बरी होती." नुकाझावा बाई भांडल्या. "हा आजार नाही, दुःख आहे. त्यावर गोळी नसते." व्यवस्थापक म्हणाले, तीस म्हाताऱ्यांमागे आम्ही चौघं. आठवड्याभरात जुने डॉक्टर काठी टेकत कामावर परतले, बाई गेल्या, आणि जुना कागद पुन्हा लागू झाला.

पहिल्या सकाळी पेज घेऊन मीच गेले. आजींनी वाडग्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"तूसुद्धा?"

"आजी, मला नोकरी..." मी चमचा भरला.

"राहू दे." त्यांनी तोंड उघडलं. "जागी राहून तरी कुणाचे केस कापू?"

मी भरवलं. तीन आठवड्यांत मान पुन्हा खाली गेली.

नवीन वर्षाला यासुहिरो सगळ्यांसाठी मिठाईचा डबा घेऊन आला, वाकून वाकून आभार मानले. मी एक वडी घेतली आणि खाल्लीसुद्धा. गोड होती. आजी अजून आहेत. चमचा ओठांना लागला की तोंड उघडतात.