खाडीतला डिस्टर्बन्स

मी ठाण्याच्या एका कॉलेजात माध्यमं शिकवते आणि उरलेल्या वेळात पर्यावरणावर आवाजाच्या कलाकृती करते. म्हणजे नक्की काय करते, हे घरचे अजूनही विचारतात. गेल्या वर्षी मी महिनाभर बाळकुमच्या खाडीवर रेकॉर्डर घेऊन उभी राहायचे. भराव टाकणारे डंपर, टॉवरच्या पायाचे दणके आणि मधल्या फटीत कसाबसा ओरडणारा एखादा खंड्या पक्षी. तो गोंगाट हीच माझी कलाकृती होती.

डोंबिवलीच्या एका मंडळाने ती पर्यावरण दिनाला ऐकवायला बोलावलं. रेकॉर्डिंग मी त्यांच्या साउंडवाल्या काकांकडे आधीच पाठवलं होतं. हॉलमधले दिवे मंद झाले आणि स्पीकरमधून खंड्या ओरडला. नुसताच खंड्या. डंपर नाही, दणके नाहीत, शिवाय मागे बासरी!

मी तरातरा काकांकडे गेले. "अहो काका, हे काय केलंत?"

"मॅडम, फार डिस्टर्बन्स होता हो. सगळा काढला. मग रिकामं रिकामं वाटायला लागलं, म्हणून बासरी टाकली. आपलंच काम समजून केलं!"

आता यांना बोलणार काय, कपाळ? सगळा हॉल डोळे मिटून ऐकत होता. टाळ्या थांबेनात. खरं काय ते सांगायला मी माइक हातात घेतला, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक काकू उठून जवळ आल्या.

"किती शांत आहे गं तिकडे! आमच्या लेकाला फ्लॅट घ्यायचाय. नवीन टॉवरचं काम कुठे चालू असेल तर सांग हं."