सुरुंग फसल्यावर

"साहेबाच्याच हातात बंद पडते हे गाडी. माह्या हातात त गाईवानी चालते."

मिस्त्री गाडीखालून बोलला. बोनेटवर वाकलेला त्याचा भाऊ म्हणाला, "मंग गाडी राहू दे, साहेबालेच खोलून पाय." दोघंही हसले.

मी तिथेच बाकावर बसले होते, हे त्यांच्या लक्षात नसावं. कुठेही बसले की थोड्या वेळानं लोक मला विसरत. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत, हॉस्टेलवर वाढलेली. सुट्टीत गडचांदूरला आले की कॉलनीतल्या मुली माझ्या पुस्तकी मराठीला हसायच्या, आणि हसू नये म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. कॉलेजात गेल्यावरही ती सवय राहिली.

गाडी बाबांची होती. जुनी, विलायती, उघड्या टपाची, दोनच माणसांची. आत बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी ठेंगणी. सिमेंट कारखान्यात आलेल्या एका परदेशी इंजिनियरनं मायदेशी जाताना ती विकली, आणि चुनखडीच्या खाणीत सुरुंगांचं काम पाहणाऱ्या माझ्या बाबांनी ती घेतली. आमच्या घरात सायकलीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. सिमेंटची धूळ फडक्यानं पुसली तर रंगावर ओरखडे येतात, म्हणून दर रविवारी ते ती पाण्यानं धुवायचे, आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं शीळ घालायचे.

त्या हिवाळ्यात गाडी चालता चालता बंद पडायला लागली. रोज नाही. आठ-दहा दिवस सुरळीत जायचे, मग भर रस्त्यात वेग उतरायचा, दोन-चार गचके बसायचे आणि इंजिन गप्प. थोडं थांबून किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. मिस्त्रीनं पॉइंट घासले, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलचा पंप काढून पुन्हा बसवला. दर वेळी तो राजुऱ्यापर्यंत चक्कर मारून यायचा. त्याच्याकडे ती एकदाही बंद पडली नाही.

आणि आता थांबायला वेळ नव्हता. माझी ताई आरमोरीला सासरी होती, सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायचं होतं. माझी पोर बसच्या मागच्या सीटवर आदळत येणार नाही, असं बाबांनी जाहीर केलं होतं. जाताना त्यांच्या शेजारी मी, येताना ताई. मी सामान घेऊन एसटीनं यायचं. वाटेत वर्धा नदी, पुढे वैनगंगा. पूल ठेंगणे, कठडे नसलेले.

"पुलावरच बंद पडली तर?" आईनं विचारलं.

"पडली तर उभी राहील. उभ्या गाडीनं कोणाला काही होत नाही," बाबा म्हणाले.

बंद पडलेल्या गाडीसाठी बाबांचा एक नियम होता, तो खाणीतून आलेला. सुरुंग फसला, म्हणजे वात पेटवूनही उडाला नाही, की कोणी जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, बोलायचं नाही. साहेब सांगेपर्यंत सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं. घाई केलेली माणसं त्यांनी पाहिली होती. गाडी गप्प झाली की तेच. शेजारी आमच्यापैकी जे कोणी असेल त्यानं मुकाट बसून राहायचं. पुढे बघत बसायचं, बाबांकडेही पाहायचं नाही. मग ते "हं, चला" म्हणायचे आणि किल्ली फिरवायचे.

चंद्रपूर सोडलं, मूल गावाच्या रस्त्याला जंगल लागलं. दोन्हीकडे साग, पानं वाळून मोठी आणि कडक झालेली. बाबा खुशीत होते. खुशीत असले की ते गावच्या बोलीवर यायचे. लहानपणी बैल हरवल्याची गोष्ट सांगत होते.

"मी त्या नाल्यात उतरलो, अन् पाह्यतो त काय, थो बैल—"

पुढे काही आलं नाही. बाबांना झाडीत जनावर दिसलं असेल असं वाटून मीही तिकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. गाडीचा वेग उतरला, गचके बसले, इंजिन थांबलं. नियमाप्रमाणे मी समोर पाहत राहिले. जंगलात इतकी शांतता होती की तापलेल्या बोनेटचं टिकटिक ऐकू येत होतं.

"हं, चला," बाबा म्हणाले. गाडी सुरू झाली.

"बैलाचं काय झालं?" मी विचारलं.

"कोणता बैल?"

ते थट्टा करत असतील म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. मिस्त्रीला शिव्या घालायला लागले.

त्यानंतर मी नियम मोडला. तोंड उघडलं नाही, फक्त समोर बघायचं सोडून बाबांकडे पाहत राहिले. सावली गाव मागे गेलं, व्याहाड गेलं. मी पाहते आहे हे त्यांना कळू नये म्हणून वाऱ्यानं उडणारे केस सारखे करत राहिले.

वैनगंगेच्या पुलावर मध्यावर आलो तेव्हा ते ताईच्या बाळाचं नाव काय ठेवावं ते सांगत होते. नावाच्या पहिल्या अक्षरावर थांबले. डोळे उघडे होते, पण नदीकडे नाही, रस्त्याकडे नाही, कशाकडेच नव्हते. ओठ बारीक हलत होते, तोंडात सुपारी असल्यासारखे. मग उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद वर आला. गाडी डावीकडे सरकायला लागली. माझ्या दाराखाली पुलाची कड दिसली, आणि तिच्या पलीकडे पाणी. मी एका हातानं स्टेअरिंग धरलं. गचके बसायला लागले ते त्यानंतर. इंजिन थांबलं ते सगळ्यात शेवटी.

मागून बांबूचा ट्रक येऊन थांबला, ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला. बाबांना तो ऐकू येत नव्हता. घरातलं जे कोणी शेजारी असेल ते आजवर याच वेळात शिस्तीनं समोर बघत बसत आलं होतं.

मग त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. माझा हात पाहिला.

"तू काऊन धरलं स्टेअरिंग? बंद पडली वाटते पुन्हा."

"हो," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

आरमोरीत ताईच्या अंगणात नव्या तांदळाची पोती रचली होती. जावई गाडीभोवती फिरून म्हणाले, "मामाजी, यात बसाचं का यावर लोळाचं?" बाबा मोठ्यानं हसले, बोनेट उघडून इंजिन दाखवायला लागले. जेवताना मी दोनदा ताईजवळ जाऊन बसले. दोन्ही वेळा तिची सासू वाढायला आली. काय सांगायचं ते मला मनात इंग्रजीतच जुळत होतं, आणि मराठीत आणलं की बाबांवर केलेल्या आरोपासारखं वाटत होतं.

निघण्याआधी बुद्धाच्या मूर्तीपुढे त्रिशरण म्हणून झालं. ताई पदर सावरत, एक हात पोटावर ठेवून अंगणात आली. शेजारच्या बायाही जमल्या होत्या.

"सांभाळून न्या जी," सासू बाबांना म्हणाली. "मधात बंदगिंद नाई पडत ना?"

"पडली तरी काळजी नाही, बाई. माझ्या हातात आहे." बाबांनी ताईसाठी दार उघडून धरलं. माझी पिशवी एसटी स्टँडवर न्यायला जावयांनी उचलली होती. मी जाऊन उघड्या दारात उभी राहिले.

"सरक ना पोरी, तिला बसू दे."

सगळे माझ्याकडे पाहत होते. बाबा अजून हसतच होते.

"ताई यात बसणार नाही," मी म्हणाले. "गाडीत काही बिघाड नाही. चालवताना बाबांची शुद्ध जाते."