शहापूरचा तिसरा सर्व्हर

हर्षा मेश्राम नऊ वर्षांपासून भंडाऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळते. एकटी, बरं का. आणि या नऊ वर्षांत ती एकदाही दसऱ्याला आईसोबत दीक्षाभूमीवर गेलेली नाही. सुट्टी मागितली की मोठे डॉक्टर म्हणायचे, "बंद पडलं तर कोण बघणार?"

यंदा आईचे, पंचफुलाबाईंचे गुडघे पार गेले. पुढच्या वर्षी गर्दीत चालणं व्हायचं नाही, हे दोघींना ठाऊक होतं. म्हणून हर्षाने वर्षभर हट्टाने एक व्यवस्था उभी केली. पेशंटच्या नोंदी, तपासण्या, औषधं, सगळं व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या कॉम्प्युटरांवर. दोन सर्व्हर इथे, तिसरा शहापूरच्या शाखेत. इथले दोन्ही बुडाले तरी तेच कॉम्प्युटर तिथे आपोआप उठणार. आसगावात जन्म काढलेल्या आईला तिने सांगितलं, खालच्या बांधीतले, म्हणजे खालच्या शेतातले, धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, वाहून गेले तर वरच्या बांधीत दुसरे असतात ना, तसं. आईला लगेच कळलं. डॉक्टरांना तीन मीटिंगा लागल्या! शेवटी म्हणाले, "नवमीला करून बघ. जमलं तर जा."

नवमीच्या दुपारी ओपीडी रिकामी झाल्यावर हर्षाने इथले दोन्ही सर्व्हर बंद केले. एक मिनिट झालं, पाच झाले. शहापूर ढिम्म. इथलं सगळं पुन्हा चालू करून तिने शहापूरच्या बाबुलालला फोन लावला. तिथली सर्व्हरची खोली तोच सांभाळायचा. मासेमारी करणाऱ्या घरातला माणूस.

"आज पूजा आहे न मॅडम. मशीन पुसली, हार घातला, बंद करून ठेवली. आमी आज जाळंबी पाण्यात नाही टाकत. तिलेबी आराम नको का?"

आता काय बोलायचं, कपाळ! इतक्या प्रेमाने केलेलं की रागावताही येईना.

बाबुलालने सर्व्हर चालू केला, पण मागे राहिलेल्या नोंदी जुळायला दसऱ्याची दुपार उजाडणार होती, त्याआधी पुन्हा चाचणी घेता येणार नव्हती. डॉक्टर बाहेरगावी होते. इथे कोणी काही पाहिलं नव्हतं. अहवालात 'जमलं' एवढं लिहिलं असतं तरी खपलं असतं. हर्षाने अहवाल उघडला. तिला रडू आलं. मग तिने लिहिलं, चाचणी फसली.

दसऱ्याच्या सकाळी पांढरं लुगडं नेसून आई शेजारणींच्या गाडीत बसली. हर्षाने तिचे पाय उचलून आत ठेवले.

"मशीनच्या जागी दुसरी मशीन आहे म्हणतेस," आई म्हणाली. "मंग तुह्या जागी दुसरं कोणी काहून नाही व?"

हर्षाने गाडीचं दार लावलं. नऊला तिची ड्यूटी होती.