गोठलेल्या द्राक्षांचा गोड रस

कनेरगाव नाक्यावर आमचा धाबा आहे आणि धाब्याच्या मागेच घर. द्राक्षांच्या गाड्यांचे ड्रायव्हर जेवायला थांबतात, घडातून गळालेली द्राक्षं आम्हाला देऊन जातात. एकदा मी ती कोल्ड्रिंकच्या फ्रीजरमध्ये ठेवली. लाइट गेली, द्राक्षं अर्धवट वितळली. पिशवीच्या तळाशी साचलेला रस बोटानं चाखला तर काकवीसारखा गोड, आणि राहिलेला बर्फ नुसतं पाणी.

तेव्हापासून मी तशीच वाइन करते. द्राक्षं खड्यासारखी कडक झाली की फडक्यात बांधायची, वर पाटा ठेवायचा. रस थेंब थेंब गळतो. फिका लागायला लागला की थांबायचं, उरलेलं फेकायचं. मूठभर ताजी द्राक्षं कुस्करून त्या रसात घालायची आणि बरणीला फडकं बांधायचं. कितीतरी दिवस ते हळूहळू फसफसत राहतं. मग गाळ खाली बसतो.

आमच्या बंजारा तांड्यातून येणाऱ्या पाहुण्यांना ही वाइन फार आवडायची. घरातली मोठी जाऊ सगळ्यांना सांगायची, "मीच केली." मला चार माणसांत बोलता येत नाही. एकदा मी ग्लास घेऊन उभी असताना ती पाहुण्यांना म्हणाली, "हिला काय येतंय? भांडे घासाय बरी हाय." सगळे हसले. मीही हसले, आणि ते माझं हसणंच मला जास्त लागलं.

यंदा तिच्या लेकीचा साखरपुडा ठरला. व्याह्यांना तिनं फोनवर सांगून टाकलं, माझ्या हातची वाइन पाजते. आता मला विचारायची तिला सोय राहिली नाही. तिनं गोठलेली द्राक्षं उन्हात पूर्ण वितळू दिली आणि सालीसकट पिळली. पातेलं भरलं. मला दाखवून म्हणाली, "बघ किती निघाला. तू निम्मा फेकून देतीस."

"व्हय, जाऊबाई," मी म्हटलं.

मला माहीत होतं काय होणार; बर्फाचं सगळं पाणी त्या रसात उतरलं होतं. माझी तयार बाटली कणगीमागे होती. तिथंच राहू दिली.

साखरपुड्याला व्याह्यांनी तिच्या वाइनचा घोट घेतला आणि ग्लास उजेडात धरला. "विहीणबाई, आंबलेलं ताक पाजून राहिल्या का आमाला?"

जाऊनं माझ्याकडं बोट केलं. म्हणाली, हिनंच बिघडवली असंल.

"अन् फोनवर तर माझ्या हातची म्हणल्या होत्या," व्याही म्हणाले. मग कुणाला हसू आवरलं नाही. तिचे कान लाल झालेले मी नीट पाहून घेतले. सगळे ग्लास सावकाश, एकेक करून उचलले.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. "काहून सांगितलं न्हाई?" मी भात काढत राहिले.

परवा नवी द्राक्षं आली. ती गोठल्यावर मी पिळायला बसले तशी जाऊ शेजारी येऊन बसली, शिकव म्हणाली नाही, पण नजर फडक्यावर होती. मी तिला बोअरवरून पाणी आणायला सांगितलं. तिनं घागर उचलली आणि गेली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला मी काम सांगितलं ते पहिल्यांदाच.