मकरपुऱ्यात पकडलेली उसळी

बडोदे स्टेशनचा पूल उतरून मी बाहेरच्या दाराशी आलो, तर एका पोलिसानं माझ्या बॅगेवर काठी टेकवली. सकाळचे सात वाजले होते. बॅगेच्या अर्धवट लागलेल्या चेनमधून एक काळी आणि एक लाल वायर लोंबत होती. ते दिवसच असे होते की बॅगेतून वायर दिसली की माणसं दोन पावलं दूर सरायची.

"क्या है इसमें?"

मी आतून विटेएवढी वस्तू काढली. वर छोटा पडदा, खाली बटणांच्या रांगा. हातात धरायचा डिजिटल ऑसिलोस्कोप. तारेतल्या विजेचा चढउतार तो पडद्यावर रेघेनं काढून दाखवतो आणि सांगितलं तर ती रेघ स्वतःपाशी जपून ठेवतो. परदेशी माल मागवणं सोपं झाल्यावर पुण्यातल्या आमच्या लहानशा कारखान्यानं तो घेतला होता. हे सगळं हिंदीत सांगणं मला जमेना. मी तो चालू केला, वायरीचं टोक पुढे केलं आणि म्हणालो, "उंगली लगाइए."

तो मागे सरकला. "पहले तुम लगाओ."

मी बोट लावलं. सरळ रेघेच्या लाटा झाल्या. आजूबाजूच्या दिव्यापंख्यांची वीज माझ्या अंगावर उमटत होती, एवढंच.

"डॉक्टर हो?"

"नहीं."

"फिर दिल की लकीर क्यों देखते हो?"

त्यानं माझं तिकीट आणि ओळखपत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं. सोडलं खरं, पण रिक्षात बसेपर्यंत त्याची नजर माझ्या पाठीवर होती.

मी बडोद्याला आलो होतो तो एका बाईच्या दोन बोटांमुळे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रबराचे वायसर कापणारा एक कारखाना होता. तिथल्या एका प्रेसला आमची कंट्रोल पेटी होती. दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेसचा ठोकळा खाली यायचा. म्हणजे ठोकळा पडताना हात त्याच्याखाली असूच शकत नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी ठोकळा आपणहून खाली आला, असं प्रेसवरच्या कोकिलाबेन म्हणत होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. मॅनेजर किरीटभाई म्हणत होते की काम भराभर व्हावं म्हणून इलेक्ट्रिशियननं एक बटण तारेनं कायमचं जोडून ठेवलं होतं आणि अपघात झाल्यावर ती तार काढून टाकली. आमच्या मालकांचं म्हणणं, कोणीही खोटं बोलत असेल, आपली पेटी बोलत नाही.

"तिथं कोणावरही विश्वास ठेवू नकोस," त्यांनी निघताना बजावलं होतं.

रिक्षा मकरपुऱ्याकडे लागली तशा कंपन्यांच्या बसगाड्या आणि डबे लटकवलेल्या सायकली दिसू लागल्या. वसाहतीच्या तोंडाशी एका गाडीवर मी सेवउसळ खाल्ली. ही आपल्या मिसळीची चुलत बहीण: वाटाण्याची पातळ उसळ, वर जाड शेव, आणि तिखटाला वेगळ्या भांड्यातली तरी (लाल रस्सा). तिखट झेपेल या समजुतीनं मी तरी जास्त मागितली आणि डोळे पुसतच कारखान्याच्या फाटकात शिरलो.

फाटकाशी पन्नाशीचा एक उंच माणूस उभा होता. खाकी शर्ट, खिशात टेस्टर.

"तुम्ही पुण्याहून आलात, बराबर ने? मी जगताप, इथला इलेक्ट्रिशियन. ज्याला काढायचंय तो." शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हवापाण्याचं बोलावं तसं उच्चारलं.

त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घरात मराठी, कारखान्यात गुजराती, अशी त्यांची पन्नास वर्षं गेली होती. मी बेतानंच बोललो. दोष ज्याच्यावर यायचा आहे असा माणूस फाटकापर्यंत सामोरा का येतो, हा विचार माझ्या डोक्यात होता.

किरीटभाईंनी केबिनमध्ये चहा मागवला आणि दार लावून घेतलं. "आपके लिए अच्छे होटल में रूम रखा है. आप बस इतना देखिए कि वायरिंग में गड़बड़ हुई थी. आपकी पेटी भी बच जाएगी, हम भी." मी मान हलवली नाही, पण खोली नाकारलीही नाही.

ठोकळा हवेच्या दाबावर चालायचा; ती हवा मी बंद केली, म्हणजे काही झालं तरी ठोकळा हलणार नाही. स्कोपची एक वायर बटणांकडून पेटीत येणाऱ्या तारेला लावली, दुसरी पेटीतून ठोकळ्याला हुकूम देणाऱ्या तारेला. भिंतीच्या विजेवर लावला तर तिचीच घाण रेघेत उतरते, म्हणून स्कोप बॅटरीवर ठेवला. मग त्याला सांगून ठेवलं: बटणाच्या तारेत काहीही उसळलं तर तेवढा क्षण पकड आणि थांब. पडद्याच्या कोपऱ्यात वाट बघत असल्याची खूण आली. बटणांना कोणी हात लावायचा नाही, असं मी सर्वांना सांगितलं आणि स्टूल घेऊन बसलो.

अशी वाट बघणं विचित्र असतं. जगताप दर अर्ध्या तासानं चक्कर मारत. किरीटभाई काचेतून बघत. मला वाटे, दोघांपैकी एक जण मी उठायची वाट बघतोय. जेवणाचा डबाही मी स्टुलावरच खाल्ला.

चारच्या सुमारास भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर सुस्कारा टाकून बंद झाला आणि त्याच क्षणी पडदा गोठला. बटणाच्या तारेत केसासारखी उभी उसळी. खालच्या रेघेवर पेटीनं दिलेला हुकूम. बटणं तर कोणीच दाबली नव्हती. शेजारी त्या वेळी कोणी नव्हतं. मी रेघ स्कोपच्या पहिल्या कप्प्यात जपली. इतक्या क्षणिक उसळीला आमच्या पेटीनं दाद द्यायचीच नसते. माहितीपत्रकात तसं छापलेलं होतं.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी मालकांना सांगितलं.

"कोणी पाहिली?"

"मी एकट्यानंच."

"सप्लाय खराब आहे असं लिही. आणि पेटी उघडू नकोस."

पेटी उघडायची गोष्ट मी काढलीच नव्हती. मग त्यांना ती कुठून सुचली?

परत येऊन स्कोप चार्जिंगला लावून मी किरीटभाईंच्या केबिनमध्ये ठेवला. केबिनला त्यांनी माझ्यासमोर कुलूप लावलं.

जगताप स्कूटर घेऊन उभे होते. "आज सांजे आमच्याकडे जेवायला यायचं. ना नाही म्हणायचं." हॉटेलची खोली किरीटभाईंची, जेवण जगतापांचं, दोन्हींचा अर्थ मला एकच वाटत होता. तरी गेलो. मकरपुऱ्याहून हरणी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. विमानतळाजवळच्या सोसायटीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. जगतापवहिनींनी डाळ-ढोकळी केली होती (आपल्या वरणफळांसारखी, पण गुळाची आणि दाटसर). "जरा पण शरमायचं नाही हं, भाऊ, शांतीने जेवा," म्हणत त्या वाढत होत्या. कारखान्याचं कोणी काही बोलेना.

हात धुताना मीच विचारलं, "मला कशाला बोलावलंत?"

जगतापांनी टॉवेल पुढे केला. "मला वाटलं, तुम्ही मला फसवायला आलात. तुमचं यंत्र मला कळत नाही. माणूस थोडा कळतो. म्हणून म्हटलं, घरी आणून बघू."

"मग काय दिसलं?"

"अजून बघतोय," ते म्हणाले. हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी केबिन उघडल्यावर मी स्कोपचं बटण दाबलं. पडदा काळाच. वायर भिंतीला लावून चालू केला आणि पहिला कप्पा उघडला. रिकामा. बॅटरी पूर्ण उतरली की जपलेलं सगळं पुसलं जातं, हे मला माहीत होतं; म्हणून तर मी तो चार्जिंगला लावला होता.

"मैं रोज़ मेन स्विच बंद करके ही जाता हूँ," किरीटभाई म्हणाले. "आग का डर रहता है." हे खरं असू शकत होतं. संध्याकाळी मी प्लग लावताना ते बघत होते, हेही खरं होतं.

आधी मला राग आला. मग, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं वाटलं. उसळी गेली. पाहिली होती मी एकट्यानं. 'सप्लाय खराब' एवढं लिहून दुपारची गाडी पकडता आली असती.

केबिनबाहेर पडलो तर पॅकिंगच्या टेबलाशी एक बाई डाव्या हातानं वायसर मोजून पिशव्यांत भरत होत्या. उजव्या हाताला पट्टी. कोकिलाबेन. मला बघून त्या उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "में बटनने हाथ पण नहोतो अडाड्यो." (मी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता.) पंधरा दिवसांत हे वाक्य त्यांनी किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे. आवाजात विनवणी उरली नव्हती. मीही मान डोलवून पुढे जाणार, असंच त्यांनी धरलं होतं.

मी गेलो नाही. म्हणालो, "चलिए. आप भी देखिए."

स्कोप पुन्हा लावला. या खेपेला मी किरीटभाईंना स्टुलावर बसवलं, जगतापांना त्यांच्या शेजारी उभं केलं आणि कोकिलाबेनना पडद्यासमोर. सर्वांना हात मागे बांधायला सांगितलं. किरीटभाई कुरकुरले, घड्याळ दाखवू लागले. तासाभरानं भिंतीपलीकडे कॉम्प्रेसरनं सुस्कारा टाकला.

उसळी आली. आणि तिच्याखाली पेटीचा हुकूम. रेघ मी लगेच जपली.

"हे कोणी केलं?" जगतापांनी विचारलं.

"कोणीच नाही. कॉम्प्रेसरची मोटर बंद होताना तिच्या तारेतून झटका उसळतो. बटणांची तार तिच्या शेजारून जात असली तर तिच्यातही उमटतो."

किरीटभाई पडद्याकडे वाकले. "ये बटन दबाने का भी हो सकता है."

मी उत्तर देणार, तेवढ्यात कोकिलाबेन म्हणाल्या, "मारुं बतावो." (माझं दाखवा.)

मला क्षणभर कळेना. मग त्यांनी डावा हात बटणाकडे नेला. दुसरं बटण मी धरलं. त्यांनी त्यांचं बटण दाबलं, नेहमीसारखं, चटकन. उसळीच्याच मापात त्या दाबण्याची रेघ पडद्यात मावेना. असे शेकडो पडदे शेजारी शेजारी लावले असते तरी पुरले नसते. मी माप ताणत ताणत नेलं तेव्हा कुठे रुंद, भक्कम पायरीसारखा आकार दिसला. मग जपलेली उसळी त्या पायरीच्या मापात आणून दाखवली. केस.

कोकिलाबेननी पट्टी बांधलेला हात पडद्याजवळ नेला आणि त्या केसाकडे दाखवत किरीटभाईंना म्हणाल्या, "आ हुं नथी." (ही मी नाही.)

किरीटभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

त्यानंतर मी पेटी उघडली. बटणांची तार जिथं आत येते तिथं क्षणिक उसळ्या गिळून टाकणारा एक छोटा पिवळा कपॅसिटर असतो. त्याची जागा रिकामी होती. तो नसला तरी पेटी बटण दाबल्यावर व्यवस्थित चालते, त्यामुळे तपासणीत कळत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला तपासणीचं कार्ड चिकटवलेलं होतं. सही माझी होती.

आदल्या दिवसापासून मी जगतापांवर, किरीटभाईंवर, मालकांवर, कोकिलाबेनवरही संशय घेत होतो. ती सही बघून मला तोंड वर करवेना. तसाच वाकलेला असताना मी म्हणालो, "ही पेटी मी पास केलीय."

"लिखकर देंगे?" किरीटभाईंनी विचारलं.

मी लिहून दिलं. पेटीत काय नव्हतं, ती कोणी तपासली, बटणांची केबल मोटरच्या केबलशेजारून कोणी टाकली, आणि बटण कोणीही दाबलं नव्हतं, हे सगळं. सर्वांसमोर सही केली. कोकिलाबेननी किरीटभाईंना तो कागद गुजरातीत वाचून दाखवायला लावला, दोनदा.

फाटकापर्यंत जगताप माझ्याबरोबर आले. "बटणाची केबल मोटरच्या केबलसंगे एकाच पाइपात मीच टाकली होती," ते म्हणाले. "वेगळा पाइप मागितला होता, मिळाला नाही. ते लिहिलं तुम्ही?"

"केबल तुम्ही टाकलीत, एवढं लिहिलंय." पाइप मागितल्याचं मला आताच कळत होतं आणि ते खरं की बचावाचं, हे ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं.

"बराबर आहे," ते म्हणाले. मग हात जोडून, "आवजो." (पुन्हा या.)

गाडीत मी स्कोप मांडीवर घेऊन बसलो. बॅटरी भरलेली होती, तरी दर स्टेशनाला चालू करून उसळी जागेवर आहे ना ते बघत होतो. समोरचे गृहस्थ आपली सुटकेस हळूहळू माझ्यापासून लांब सरकवत होते.

पुण्यात उतरून घरी न जाता थेट वर्कशॉपमध्ये गेलो. पाठवायला तयार अशा सहा पेट्या मांडणीवर होत्या. एकेक उघडली. तीन पेट्यांत कपॅसिटर होता, तीन पेट्यांत नव्हता. सह्या सगळ्या माझ्या. मालक मागे येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही.

"काय दिलं त्या लोकांनी तुला?" त्यांनी विचारलं. मी लिहून दिल्याचा फोन बडोद्याहून आधीच आला असणार.

मी स्कोप संगणकाला जोडला, उसळी कागदावर छापली आणि त्यांच्या हातात दिली. शेजारी कोकिलाबेनच्या बटणाची रेघही छापली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. मग खुर्ची ओढून बसले. "गेलेल्या सगळ्या पेट्यांचे पत्ते काढ," म्हणाले.

पेट्या आम्ही परत मागवल्या, जिथून आल्या नाहीत तिथं मी गेलो. जगतापांची नोकरी राहिली. कोकिलाबेनच्या औषधपाण्याचं दोन्ही कारखान्यांनी बघितलं, पण प्रेसवर त्या पुन्हा बसल्या नाहीत, आणि बोटं तर कुठल्याच कागदानं परत येणार नव्हती. कपॅसिटर कमी पडले म्हणून राहिले की मुद्दाम गाळले, हे मी मालकांना विचारलं नाही. ते आपणहून कधी बोलले नाहीत.

माझ्या कामात मात्र एक फरक पडला. पूर्वी पेटी तपासताना बटण दाबल्यावर ती चालते का, एवढंच मी बघत असे. आता बटण न दाबता ती गप्प बसते का, तेही बघतो. शेजारी मोटर लावतो, बंद करतो, पुन्हा लावतो. सहीला फार वेळ लागतो, अशी कुरकुर होते. तेवढा लागू देतो.