ओवाळायचं बोलावणं

ऑपरेशन झाल्यापासून आमच्या दातिवरे गावात जो तो म्हणतो, "आता कशी छान दिसतेस." अंगाचा तिळपापड होतो माझ्या. छान दिसायला कवटी कापून घेतली का मी? माझ्या कवटीचे सांधे जन्माआधीच जुळून गेले होते. त्यामुळे चेहऱ्याचा मधला भाग मागेच राहिला आणि डोळे बाहेर आले. झोपेत पापण्या मिटत नसत, श्वास अडकून मी दचकून उठून बसे. तिशी उलटल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी हाडं मोकळी केली, डोक्याला चौकट बसवली आणि रोज थोडे थोडे स्क्रू फिरवून चेहरा पुढे आणला. स्क्रू आई फिरवायची आणि रडायची. दुखायचं मला, समजूत तिची काढायची.

आमची बोट आहे. नारळी पौर्णिमेला तिची पूजा होते, घरातल्या बायका तिला ओवाळतात. मी मात्र कधी किनाऱ्यावर गेले नाही. करंज्या मी तळायच्या आणि निघायची वेळ झाली की आई म्हणायची, "गर्दीत तुला तरास होईल, तू घरीच रा." अपशकुन हा शब्द कुणी उच्चारला नाही, एवढे सगळे सभ्य. राखीही त्याच दिवशी. भाऊ हात माझ्यापुढे करायचा आणि तोंड टीव्हीकडे.

यंदा तोच भाऊ ओवाळणीचं ताट घेऊन स्वयंपाकघरात आला. नवा शर्ट, कपाळाला गुलाल.

"चल, बोटीला पयलं तू ओवाळ. घरची बयीण हायेस."

"गेल्या साली कोण होते मी?"

"जुनं कशाला काढतेस? तवा लोकं बोलायची."

"आणि तू?"

तो ताटातला दिवा सारखा करत राहिला. सारखाच होता तो. एकदा तरी म्हणाला असता, चुकलो, तर मी अनवाणी धावत गेले असते किनाऱ्यावर. इतकी वर्षं मला जायचंच तर होतं.

"आमी काय वाईट वागलो तुझ्याशी?" तो म्हणाला.

मी कढईखालचा गॅस बंद केला.

"मग लोकांनाच सांग ओवाळायला."

आई दारातून म्हणाली, "सणाच्या दिवशी असं बोलू नये गं."

मला घरी ठेवताना नाही, पण सण माझाही आहे, हे तिला आज आठवलं.